अनसिव्ह गेमची सुरुवात : चार शहरं मोठी करायची की आठ शहरं पसरायची?

इस्लापूर (ता. किनवट) : पाळीपाळीनं खेळायच्या साम्राज्य-उभारणीच्या गेममध्ये हार कळते उशिरा, पण ती होते सुरुवातीलाच. दोनशेव्या टर्नला शेजारचा राजा तोफा घेऊन दारात उभा राहतो आणि आपल्याकडं अजून धनुष्यबाणच असतात. मग गेम अवघड आहे, कॉम्प्युटर चीटिंग करतो, असं म्हणून मोबाईल बाजूला ठेवला जातो. खरं पाहता चूक तिसाव्या-चाळिसाव्या टर्नलाच झालेली असते. कुणी शहरं फार वसवलेली असतात, कुणी फार कमी, आणि बऱ्याच जणांनी काहीच न ठरवता जे समोर येईल ते बांधलेलं असतं.

या प्रकारातल्या गेमचं मूळ नाव 'सिव्हिलायझेशन'. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी बनवलेला पहिला भाग 1991 मध्ये आला. त्याचा पाचवा भाग 2010 चा, सहावा 2016 चा आणि सातवा फेब्रुवारी 2025 चा. हे सगळे विकत घ्यावे लागतात आणि नव्या भागांना कॉम्प्युटरही दमदार लागतो. खेड्यापाड्यातल्या पोरांसाठी कामाचा आहे तो 'अनसिव्ह'. पाचव्या भागाचे नियम घेऊन बनवलेला हा मोफत, मुक्त-स्रोत गेम अँड्रॉइडवर चालतो. चित्रं साधी आहेत, पण त्यामुळंच जुन्या आणि स्वस्त मोबाईलवरही तो अडत नाही. एकदा उतरवून घेतला की नेट लागत नाही, त्यामुळं रेंज गेली तरी डाव थांबत नाही.

एक गोष्ट घरच्या मोठ्या माणसांसाठी. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली. अनसिव्हमध्ये पैसे लावायचा, भरायचा किंवा जिंकायचा प्रश्नच नाही. त्यात जातो तो वेळ, आणि तो मात्र भरपूर जातो.

पहिलं शहर कुठं?

खेळ सुरू होतो तेव्हा हातात एक सेटलर आणि एक वॉरियर असतो. सेटलर म्हणजे वस्ती करायला निघालेला जथा, वॉरियर म्हणजे गदा घेतलेला शिपाई. सेटलरनं वसवलेलं पहिलं शहर हीच राजधानी. मुहम्मद तुघलकानं 1327 च्या सुमारास दिल्लीहून राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली होती. खेळात तशी सोय नाही. शत्रूनं राजधानी जिंकली तरच ती दुसरीकडं जाते. म्हणून जागा नीट बघायची, पण तीन-चार टर्नपेक्षा जास्त भटकायचंही नाही. शहर नसलेली प्रत्येक टर्न ही पेरणीच्या हंगामात रिकाम्या गेलेल्या दिवसासारखी आहे.

जागा बघताना शेतकऱ्याच्या पोराला फार शिकवावं लागत नाही. नदीकाठ चांगला, कारण काठावरच्या शेतांना पुढं सिव्हिल सर्व्हिस हे तंत्र आलं की जास्तीचं धान्य मिळतं आणि पाणचक्कीसारख्या इमारती नदीशिवाय बांधताच येत नाहीत. टेकडी त्याहून चांगली. सपाटीवरच्या शहराच्या मधल्या चौकोनातून (खरं तर तो षटकोन असतो) 2 धान्य आणि 1 उत्पादन मिळतं, टेकडीवर 2 आणि 2. एक उत्पादन म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण सुरुवातीला सगळं मिळून पाच-सहा उत्पादन असतं, त्यात एक म्हणजे जवळपास सहावा हिस्सा झाला. शिवाय टेकडीवरचं शहर जिंकायला अवघड जातं. सातवाहनांनी पैठण गोदावरीच्या काठी का राखलं आणि यादवांनी देवगिरीचा डोंगर का धरला, ही दोन्ही उत्तरं या एका हिशेबात येतात. नदीकाठची टेकडी मिळाली तर पुढं बघायचंच नाही, तिथंच बसायचं.

शहराला आजूबाजूच्या तीन घरांपर्यंतची जमीन कसता येते, म्हणजे शहर सोडून 36 घरं. त्यात चैनीची वस्तू किती हे मोजायचं. चैनीची वस्तू म्हणजे सोनं, चांदी, हस्तिदंत, रेशीम, साखर, मसाले, आणि आपल्याकडचा कापूससुद्धा. किनवट-हिमायतनगर भागात कापसाच्या भावावरून घरात कटकट होते. खेळात मात्र कापूस लोकांना खूश ठेवतो, आणि लोक खूश राहणं हेच सुरुवातीचं सगळ्यात मोठं भांडवल आहे. ते कसं, ते पुढं येतंच.

पहिल्या वीस टर्न

इथं फार डोकं लावायची गरज नाही. क्रम जवळपास ठरलेला आहे. आधी स्काऊट, मग मॉन्युमेंट, त्यानंतर परिस्थिती बघून आणखी एक शिपाई, वर्कर किंवा सेटलर.

पाचव्या भागाच्या साध्या वेगाच्या हिशेबात स्काऊटला 25 उत्पादन लागतं, मॉन्युमेंटला 40, वर्करला 70 आणि सेटलरला 106. राजधानीचं उत्पादन 5 धरलं तर स्काऊट पाच टर्नमध्ये, मॉन्युमेंट आठ टर्नमध्ये, म्हणजे तेराव्या टर्नला तयार. स्काऊट आधी का? नकाशावर जुने अवशेष विखुरलेले असतात. जो आधी पोचेल त्याला त्यातून सोनं, संस्कृती, नाही तर एखादं तंत्र फुकट मिळतं. पंधराव्या टर्ननंतर शेजाऱ्यांनी ते उचललेले असतात. छोट्या नगरराज्यांची पहिली ओळख झाली की तिथूनही थोडं सोनं पदरात पडतं.

मॉन्युमेंटचं गणित असं. धोरणाचा, म्हणजे पॉलिसीचा पहिला टप्पा 25 संस्कृतीला उघडतो. राजवाड्यातून टर्नला 1 संस्कृती येते. मॉन्युमेंट नसेल तर पंचवीस टर्न वाट बघावी लागते. मॉन्युमेंट टर्नला 2 ची भर घालतं. तेरा टर्नमध्ये 13 जमले, उरलेले 12 तीन-तीनच्या हप्त्यानं चार टर्नमध्ये, म्हणजे सतराव्या टर्नला पहिलं धोरण हातात. आठ टर्न वाचल्या, आणि पुढचं प्रत्येक धोरणही लवकर येत राहतं.

नवखा खेळाडू एक चूक हमखास करतो. आधी चार वॉरियर बांधतो, "शेजारी आला तर?" म्हणून. इतक्या लवकर बहुधा कुणी येत नाही. आले तर रानटी टोळ्या येतात, त्यांचं पुढं बघू.

दुसरी चूक उलटी आहे. शहर अगदी लहान असतानाच सेटलर लावायचा. सेटलर तयार होत असताना शहराची वाढ थांबते. जास्तीचं धान्य उत्पादनाकडं वळतं. म्हणून राजधानी निदान 2, जमलं तर 3 लोकवस्तीची होऊ द्यायची आणि मग सेटलर काढायचा. पहिल्या लोकवाढीला 15 धान्य लागतं आणि प्रत्येक माणूस टर्नला 2 धान्य खातो. गहू, गुरं किंवा हरणांचं घर जवळ असेल तर हे काम लवकर होतं.

ट्रॅडिशन की लिबर्टी?

आता मूळ प्रश्न. पहिलं धोरण उघडताना ट्रॅडिशन, लिबर्टी, ऑनर असे फाटे समोर येतात. नावं इंग्रजी असली तरी अर्थ सोपा आहे. ट्रॅडिशन म्हणजे राजधानी आणि सोबत तीन शहरं, पण ती भरभक्कम. लिबर्टी म्हणजे लहान लहान शहरं पटापट वसवून जमीन व्यापणं. ऑनर लढाईचं.

ट्रॅडिशन उघडताच राजधानीत टर्नला 3 संस्कृती वाढते. पुढच्या टप्प्यांत पहिल्या चार शहरांना संस्कृतीची इमारत फुकट मिळते, राजधानीत धान्य वाढतं, राजधानीतली निम्म्या लोकांची नाराजी मिटते. सगळे टप्पे पुरे केले की पहिल्या चार शहरांना जलवाहिनी फुकट. यात "पहिली चार शहरं" हे शब्द पुन्हा पुन्हा येतात, ते उगाच नाहीत. पाचव्या शहराला या फुकटच्या इमारतींमधलं काही मिळत नाही.

लिबर्टीत प्रत्येक शहराला 1 संस्कृती मिळते. म्हणजे शहरं जितकी जास्त, तितका फायदा. पुढं गेल्यावर एक सेटलर फुकट, एक वर्कर फुकट, राजधानीत सेटलर लवकर तयार होतात, आणि सगळे टप्पे संपल्यावर एक महापुरुष फुकट. तीन किंवा त्याहून कमी शहरं ठेवणाऱ्यानं लिबर्टी घेतली, तर ट्रॅक्टर घेऊन त्यावर फक्त दूध पोचवायला जाण्यासारखं झालं.

दोन्हींमध्ये निवड आवडीवर करायची नसते. ती करायची लोकांच्या खुशालीवर आणि नकाशावर.

खुशालीचा हिशेब एकदा पाठ झाला की अर्धा गेम आला. प्रत्येक शहरामागं 3 नाराजी, प्रत्येक माणसामागं 1 नाराजी. दुसऱ्या बाजूला प्रिन्स पातळीवर सुरुवातीची 9 खुशाली असते आणि प्रत्येक वेगळ्या चैनीच्या वस्तूमागं 4 मिळते. कापसाची दोन घरं असली तरी 4 च. दुसरी वस्तू वेगळी असली तरच आणखी 4.

समजा तीन शहरं आहेत, प्रत्येकात 3 लोक. नाराजी 9 अधिक 9, म्हणजे 18. चैनीच्या दोन वस्तू असतील तर खुशाली 9 अधिक 8, म्हणजे 17. एकनं कमी पडली. खुशाली शून्याच्या खाली गेली की लोकवाढ पावभर उरते, तीन हिस्से बंद. म्हणजे तिसरं शहर वसवायच्या आधी तिसरी चैनीची वस्तू हाताशी आणायची, किंवा वसवायचं ते थेट तिच्या शेजारी. शहर त्या वस्तूच्याच घरावर वसवलं तरी चालतं, तंत्र आलेलं असेल तर ती लगेच मिळते आणि वर्करची वाट बघावी लागत नाही. आपल्याकडं एकच वस्तू दोनदा असेल तर जास्तीची शेजाऱ्याला देऊन त्याच्याकडची वेगळी घ्यायची. या अदलाबदलीकडं बहुतेकजण बघतच नाहीत, आणि चार खुशाली अशीच सोडून देतात.

म्हणून निवडीचा सोपा नियम असा. स्काऊट फिरून आल्यावर जवळपास वेगवेगळ्या पाच-सहा चैनीच्या वस्तू आणि मोकळी जमीन दिसत असेल, शेजारी लांब असतील, तर लिबर्टी घ्यायला हरकत नाही. दोन-तीनच वस्तू दिसत असतील, एका बाजूला समुद्र किंवा डोंगर, दुसऱ्या बाजूला शेजारी, तर ट्रॅडिशन. नवीन शिकणाऱ्यासाठी ट्रॅडिशनच बरं. त्यात चूक झाली तरी सावरता येतं. लिबर्टीत खुशाली घसरली की एकदम आठही शहरं आजारी पडतात.

'भारत' घेणाऱ्यांनी हे वाचावंच

आपल्याकडं पहिल्यांदा खेळणारा साहजिकच भारत निवडतो. राज्यप्रमुख म्हणून महात्मा गांधी येतात. पण भारताचा नियम इतर सगळ्यांपेक्षा वेगळा आहे, आणि तो न वाचता खेळलं की वाट लागते. भारतासाठी शहरामागची नाराजी दुप्पट, म्हणजे 6. माणसामागची निम्मी, म्हणजे अर्धी.

वरचाच हिशेब भारतासाठी करून बघा. तीन शहरं, प्रत्येकी 3 लोक. 18 अधिक साडेचार, म्हणजे साडेबावीस. इतरांना 18 वर भागलं, भारताला साडेचार जास्त. सुरुवातीला भारत जड जातो तो यामुळं. आता शहर 6 लोकांचं झालं की दोघं बरोबरीत येतात, इतरांचं 3 अधिक 6 आणि भारताचं 6 अधिक 3, दोन्ही 9. आणि 10 लोकांची तीन शहरं झाली की इतरांची नाराजी 39, भारताची 33. तिथून पुढं भारत सुटतो.

अर्थ स्पष्ट आहे. भारत घेऊन आठ छोटी शहरं वसवणं हे मुद्दाम अंगावर ओढवून घेणं. भारताची सुरुवात ट्रॅडिशनचीच. तीन शहरं, फार तर चार, प्रत्येक नदीकाठी किंवा धान्याच्या जागी, आणि लोकवस्ती सहाच्या वर लवकर न्यायची. भारताकडं युद्धहत्ती आहे, त्याला घोडे लागत नाहीत, त्यामुळं घोड्यांची जागा नसली तरी बचाव होतो.

गांधींचा विषय निघाला म्हणून एक. पहिल्या भागात प्रोग्रामच्या चुकीमुळं गांधी अणुबॉम्ब टाकत सुटायचे, अशी गोष्ट जगभर सांगितली जाते. सिड मायर यांनी 2020 मध्ये आलेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात तशी चूक नव्हतीच, असं लिहून टाकलं. पाचव्या भागात मात्र गंमत म्हणून गांधींचा अणुबॉम्बकडचा ओढा मुद्दाम वाढवलेला आहे. म्हणजे दुसरा राजा होऊन खेळत असाल आणि शेजारी गांधी असतील, तर शेवटच्या काळात सावध.

आधी कोणतं तंत्र?

शेतीचं तंत्र सुरुवातीपासून येत असतं. पुढचं तंत्र जमिनीत काय आहे ते बघून ठरवायचं. कापूस, साखर, मसाले असतील तर मातीकाम, म्हणजे पॉटरी, आणि त्यापुढचं कॅलेंडर. सोनं-चांदी असेल तर मायनिंग, संगमरवर असेल तर त्यापुढचं मेसनरी. हस्तिदंत नाही तर फर दिसत असेल तर पशुपालन आणि मग ट्रॅपिंग. आधी तंत्र आणि नंतर वर्कर, किंवा दोन्ही एकाच वेळी तयार होतील असं बघायचं. वर्कर तयार होऊन तंत्राची वाट बघत उभा राहिला तर त्याचे 70 उत्पादन तितके दिवस बसून राहिले.

मायनिंग आलं की झाडंही तोडता येतात आणि त्याचं उत्पादन शहराला एकदाच मिळतं. किनवटच्या सागाच्या जंगलाचं काय झालं ते या भागातल्या लोकांना सांगायला नको. खेळातही तोडलेलं जंगल परत येत नाही. सेटलर किंवा लायब्ररी अडली असेल तेव्हाच एखाद-दुसरं तोडावं.

चैनीची पहिली वस्तू हाताशी आली की रायटिंगकडं वळायचं. लायब्ररीत दोन माणसांमागं 1 विज्ञान मिळतं. त्यापुढं फिलॉसॉफी आलं की राजधानीत नॅशनल कॉलेज बांधता येतं, त्यानं त्या शहराचं विज्ञान 50 टक्क्यांनी वाढतं. पण अट अशी की आपल्या प्रत्येक शहरात लायब्ररी हवी. तीन शहरं असणाऱ्याला तीन लायब्ररी, आठ असणाऱ्याला आठ. पसरणाऱ्याला नॅशनल कॉलेज उशिरा मिळतं ते यामुळं. दाटीनं खेळणारा शंभराव्या टर्नच्या आसपास विज्ञानात पुढं दिसतो, त्याचं हेही एक कारण.

आश्चर्यांचा, म्हणजे वंडरचा मोह सगळ्यांना होतो. खालच्या पातळीवर चालून जातं. वरच्या पातळीवर कॉम्प्युटरच्या राजांना सवलती असतात. वीस टर्न खर्चून पिरॅमिड पुरं व्हायला दोन टर्न राहिल्या आणि दुसऱ्यानं बांधलं, की झालेला खर्च बहुतेक मातीत. सुरुवातीला एक, फार तर दोन. बाकीचे उत्पादन सेटलर आणि वर्करला.

टोळ्या आणि शेजारी

रानटी टोळ्यांचे तळ अंधारात तयार होतात, म्हणजे नकाशाचा जो भाग आपल्याला दिसत नाही तिथं. एकटा सेटलर पाठवला आणि वाटेत टोळी भेटली तर तो त्यांच्या हातात जातो. 106 उत्पादन गेलं. म्हणून सेटलरसोबत एक शिपाई पाठवायचाच. पहिला वॉरियर लांब भटकायला न लावता याच कामाला ठेवला तर बरं.

शेजारी सहा-सात घरांवर असेल तर दोन धनुर्धारी लवकर तयार ठेवायचे. हद्द शक्यतो नदीवर ठरवायची. पैनगंगेच्या एका काठावर नांदेड आणि दुसऱ्या काठावर यवतमाळ, सहस्रकुंडला उभं राहिलं की हे दिसतं. खेळात नदी ओलांडून हल्ला करणाऱ्याचा जोर कमी होतो. शहर नदीच्या अलीकडं टेकडीवर असेल आणि आत एक धनुर्धारी असेल, तर सुरुवातीच्या काळात दुप्पट सैन्यालाही ते लवकर पडत नाही.

ऑनर घेऊन सुरुवातीलाच शेजाऱ्यावर चालून जाणं हा तिसरा रस्ता आहे. तो चालतो, पण फक्त शेजारी अगदी जवळ असेल आणि त्याच्या शहराभोवती सपाट जमीन असेल तेव्हा. जिंकलेलं शहर आपल्या खुशालीवर बसतं हे विसरू नये. भारत घेतलेल्यानं तर या रस्त्याकडं बघूच नये.

सराव कसा करायचा

साध्या वेगाचा पूर्ण डाव 500 टर्नपर्यंत जाऊ शकतो. तो एका रात्रीत संपत नाही, आणि 'अजून एकच टर्न' म्हणत पहाटेचे तीन वाजवणारे जगभर आहेत. शिकायचं असेल तर पूर्ण डाव खेळायची गरजही नाही. नवीन डाव उघडून पहिल्याच टर्नला तो सेव्ह करून ठेवायचा. एकदा ट्रॅडिशन घेऊन शंभराव्या टर्नपर्यंत खेळायचं आणि थांबायचं. मग तोच सेव्ह उघडून, त्याच नकाशावर लिबर्टी घेऊन पुन्हा शंभरपर्यंत. दोन्ही वेळा वहीवर चार आकडे लिहायचे : एकूण लोकवस्ती, टर्नमागचं विज्ञान, खुशाली आणि शहरं. सुट्टीच्या दोन दुपारी यात जातात. नकाशा आता माहीत असल्यानं दुसऱ्या डावाला थोडा फायदा मिळतो, तेवढा वजा धरायचा. पहिल्यांदा भारत घेतला असेल तर त्याच पातळीवर रोम घेऊन हेच एकदा करून बघावं. राजधानीत असलेल्या इमारती बाकी शहरांत बांधताना रोमला 25 टक्के जास्त उत्पादन मिळतं, त्यामुळं पसरण्याचा फायदा कुठं होतो ते आकड्यात दिसतं.